फोकस शेजारच्यांवर

घराबाहेरचा दिवा घरच्यांसाठी नसतोच मुळी. आतले दिवे आपले. भाजी निवडायला, गृहपाठाला, हरवलेला चष्मा शोधायला. बाहेरच्या दिव्याची कामं तीन. बोलावलेल्या पाहुण्याला पायरी दिसावी, न बोलावता आलेल्याला घरात कुणीतरी जागं आहे असं वाटावं आणि समोरच्या बंगल्याला कळावं की आमचंही बरं चाललंय. पहिलं काम चाळीस वॅटचा पिवळा बल्ब वर्षानुवर्षं निभावत होता. दुसऱ्या कामाला कुत्रं पुरायचं. तिसरं काम मात्र एलईडी येईपर्यंत खोळंबलं होतं.

जुन्या बल्बाला एकच अडसर होता, तो म्हणजे वडील. रात्रीची जेवणं उरकली की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "बाहेरचा दिवा कुणाच्या बापाच्या पैशांनी चाललाय?" हा प्रश्न ते स्वतःच्याच मुलांना विचारत असल्यामुळे उत्तर देणं अवघड जायचं. तेव्हा मीटरमध्ये लाल खुणेची चकती फिरायची, आणि ती किती वेगाने फिरते यावरून वडील घरातल्या एकेकाच्या भवितव्याचा अंदाज बांधायचे. चाळीस वॅटचा बल्ब बारा तास ठेवला तर जेमतेम अर्धा युनिट जळतो. पण हिशेब युनिटांचा नव्हताच, वळणाचा होता.

शिवाय वडिलांचा सगळा विश्वास झीरोच्या बल्बावर. झीरोचा बल्ब म्हणजे फुकट, असं घरोघरी मानलं जायचं. प्रत्यक्षात तो बारा-पंधरा वॅट खायचा. इतक्या किरकोळ भाराची जुनी मीटरं दखल घेत नसत, एवढीच त्याची पुण्याई. आजचा नऊ वॅटचा एलईडी त्या झीरोपेक्षा कमी वीज घेऊन अख्खा ओटा उजळून टाकतो. शून्याच्याही खाली उतरलेला दिवा घरात आल्यावर वडिलांनी बोलायचं तरी काय? २०१४च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बाचा भाव ३१० रुपये होता. ५ जानेवारी २०१५ला 'उजाला' योजना सुरू झाली, बल्बांची घाऊक खरेदी झाली, आणि २०१६पर्यंत तोच भाव ३८ रुपयांवर उतरला. ज्या देशात उतरलेला भाव फक्त शेतकऱ्याला बघायला मिळतो, तिथे हे आक्रीतच. देशभर छत्तीस कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले आणि घरोघरच्या वडिलांचा आवाज बसला.

मग वीज वाचली का? वाचली की. पण आपल्याकडे वाचलेली गोष्ट तशीच पडू देत नाहीत.

आमच्या सोसायटीचंच बघा. आवारात सोडियमचे दहा खांब होते. त्यांच्या पिवळ्या उजेडात सगळ्या गाड्या एकाच मातकट रंगाच्या दिसायच्या. स्वतःची गाडी ओळखायची तर वाकून नंबर वाचावा लागे. हे दिवे काढून एलईडी बसवावेत असा विषय सर्वसाधारण सभेत आला. वीज खात्यातून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे आहेत. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर हिशेब मांडून आणला होता. सोडियमचा दिवा सत्तर वॅटचा, त्याचा चोक आपला पंधरा-एक वॅटचा हप्ता वेगळा घेतो, म्हणजे झाले पंच्याऐंशी. त्याजागी तीस वॅटचा एलईडी. एका खांबामागे पंचावन्न वॅट वाचले, दहा खांबांचे साडेपाचशे. रात्रीचे बारा तास धरा. रोजचे साडेसहा युनिट, महिन्याचे दोनशे.

हिशेब निर्दोष होता, त्यामुळे सभेने तो ऐकला नाही. तळमजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, त्यांच्या खिडकीसमोरचा दिवा आधीच डोळ्यात येतो, नवा आणखी प्रखर असेल तर त्यांना गॉगल लावून झोपावं लागेल. सहाव्या मजल्यावरच्या गृहस्थांची तक्रार नेमकी उलट: त्यांच्यापर्यंत आवारातला उजेड पोचतच नाही. सहाव्या मजल्यावर खांबाच्या उजेडाचं काय काम, असं कुणी विचारलं नाही. मेंटेनन्स सगळे सारखाच भरतात. शेवटी दोन तास चर्चा होऊन ठराव मंजूर झाला, कारण बटाटेवडे गार होत होते.

दिवे बसले. पहिल्या बिलात खरोखरच दोनशे युनिट कमी झाले आणि तिथेच घात झाला. पुढच्या सभेत चेअरमन म्हणाले, "आता एवढी बचत होतेच आहे, तर..." या 'तर'मागून प्रवेशद्वाराशी असलेल्या नारळांना खालून हिरवे फोकस आले. सोसायटीच्या नावाच्या पाटीला मागून निळी पट्टी आली. गणपतीच्या छोट्या देवळाला दर तीन सेकंदांनी रंग बदलणारी रोषणाई आली. त्यामुळे बाप्पा एकदा जांभळे, एकदा पोपटी दिसू लागले आणि आरतीला उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर काविळीपासून पुढच्या सगळ्या अवस्था दिसू लागल्या. दिवाळीत गच्चीवरून सोडलेल्या माळा तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्यायच्या होत्या. त्या होळीपर्यंत राहिल्या. दिवाळीनंतरच्या बिलावर आकडा जुनाच होता. फक्त आता आवारात कुठेही अंधार नव्हता.

हे आधीच सांगून ठेवलेला एक इंग्रज आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली म्हणून कोळसा वाचेल, या भ्रमात राहू नका. काम स्वस्त पडलं की आजवर जिथे इंजिन नव्हतं तिथेही ते बसेल आणि कोळसा आणखी खपेल. योगायोग असा, की त्याच १८६५ साली मुंबईच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. दिवे पेटवणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे निघाला की बघ्यांचा घोळका तोंडात बोट घालून त्याच्या मागोमाग जायचा. जेव्हन्सने तो घोळका पाहिला नाही. पाहिला असता तर पुस्तक लिहिण्याचा त्रास वाचला असता. त्या घोळक्यात कुणीतरी नक्की म्हणालं असणार, "आमच्या गल्लीत कधी?"

सोसायटीचे हे दिवे आणायला पुण्यात तापकीर गल्लीत जी उपसमिती गेली होती, तिच्यात मी होतो. पिशव्या धरायला. तापकीर गल्लीत दुकानाची रुंदी एका माणसाएवढी असते आणि माल दहा माणसांएवढा. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहतं, दुकानदार स्टुलावर आणि दिवे त्या दोघांच्या डोक्यावर.

"किती वॅटचा देऊ?"

"वॅट नको, लुमेन सांगा," काका म्हणाले.

"साहेब, लुमेन ऑनलाइनवाले विकतात. आपल्याकडे वॅट आहेत."

काकांचा मुद्दा बरोबर होता. वॅट म्हणजे दिवा खातो किती, लुमेन म्हणजे देतो किती. जुना बल्ब एका वॅटमागे दहा-पंधरा लुमेन द्यायचा, चांगला एलईडी शंभर-सव्वाशेच्याही पुढे जातो. वॅट विचारून दिवा घेणं म्हणजे पंगतीत कोण किती जेवतं ते बघून कामाला माणूस ठेवणं. पण ही सवय आता सुटायची नाही. दुकानदाराने शंभर वॅटचा म्हणून एक फोकस पुढे केला. काकांनी पिशवीतून मोजायचं यंत्र काढलं. निवृत्तीनंतर ते चष्म्याशिवाय बाहेर पडतील, पण त्या यंत्राशिवाय नाही. डब्यावर छापलेले शंभर, आत अठ्ठेचाळीस.

दुकानदार अजिबात ओशाळला नाही. "म्हणजे बावन्न वॅटची बचतच झाली ना, साहेब?"

गॅरंटीचं विचारलं. "दोन वर्षं रिप्लेसमेंट. बिल, डबा आणि मी, तिघंही जागेवर असायला पाहिजेत."

डब्यावर आयुष्य मात्र पन्नास हजार तास लिहिलेलं. रोज बारा तास धरले तर अकरा वर्षांहून जास्त. यात एक खोच असते. एलईडी जुन्या बल्बासारखा फट्‌कन जात नाही, तो हळूहळू मंद होत जातो. आणि पन्नास हजार तास म्हणजे उजेड मूळच्या सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. त्यानंतरही तो जळत राहतो, फक्त कामात लक्ष नसतं. अशांना आपल्याकडे बढती देतात. पण हे सगळं दिव्याच्या चिपबद्दल. घराबाहेरचा एलईडी जेव्हा जातो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा ड्रायव्हर गेलेला असतो. घरातली वीज चिपला पचेल अशी करून देणारा हा डबीएवढा कारभारी. त्यातला कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतो; तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून चांगल्या फोकसच्या पाठीला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, उष्णता हवेत सोडायला. आमच्या खांबावरच्या पट्ट्यांच्या मधल्या फटी सहा महिन्यांत पारव्यांनी बुजवल्या. ज्या इंजिनिअरने त्या फटींची रुंदी मिलिमीटरमध्ये ठरवली असेल, त्याच्या खिडकीत पारवे येत नसावेत.

खरा तंटा झाला तो रंगावरून. पांढरा की पिवळा? दुकानात त्याला 'कूल' आणि 'वॉर्म' म्हणतात आणि मोजमाप केल्विनमध्ये. तीन हजार केल्विन म्हणजे पिवळसर, साडेसहा हजार म्हणजे निळसर पांढरा. आकडा चढेल तसा उजेड थंड. हे ऐकून आमच्या खजिनदारांना आपण फसवले जातोय अशी खात्रीच पटली. त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता, पण एलईडीचा पांढरा उजेड मुळात पांढरा नसतोच. आतली चिप निळी असते, तिच्यावर पिवळसर लेप देतात, आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरं वाटतं. लेप कमी-जास्त केला की झाक बदलते. लाल एलईडी १९६२पासून होता, पण निळा काही केल्या जमत नव्हता. तो भरपूर उजेड देईल असा करून दाखवला जपानमधल्या तोकुशिमाच्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या शुजी नाकामुरांनी, १९९३ साली. कंपनीने त्यांना बक्षीस दिलं वीस हजार येन. आपल्याकडच्या कोणत्याही नोकरदाराला ही रक्कम ऐकून जपान अचानक जवळचा वाटेल. नाकामुरा कोर्टात गेले. २००४मध्ये कोर्टाने दोन हजार कोटी येन द्यायला सांगितले, पुढच्या वर्षी सुमारे चौऱ्याऐंशी कोटींवर तडजोड झाली, आणि २०१४ साली इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्याबरोबर त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

नोबेल मिळून वर्ष व्हायच्या आत त्या निळ्या चिपने मुंबईत राजकारण पेटवलं. २०१५च्या सुरुवातीला मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावायला घेतले. मलबार हिलवरून रात्री जो सोन्याचा कंठा दिसायचा, 'क्वीन्स नेकलेस', तो चांदीचा दिसू लागला. मुंबईकराला एरवी लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली तरी तो भरून पावतो. पण राणीच्या दागिन्याला हात लावलेला त्याला खपला नाही. ज्यांनी आयुष्यात कधी वर जाऊन तो हार पाहिला नव्हता, त्यांच्याही गळ्यातला कुणी काढून घेतल्यासारखं झालं. राज्यात एकत्र सत्तेत असलेले शिवसेना आणि भाजप यावरून समोरासमोर आले. एका बाजूला मुंबईचं सौंदर्य, दुसऱ्या बाजूला केंद्रीय ऊर्जामंत्री पीयूष गोयल आणि विजेची बचत. विषय उच्च न्यायालयातही निघाला. शेवटी पिवळसर झाक असलेले एलईडी लागले, हार पुन्हा सोन्याचा झाला आणि सगळे घरी गेले. वीज दोन्ही एलईडींनी वाचतच होती. पण जो देश सोन्याच्या भावावरून झोपायचा की नाही ते ठरवतो, त्याला चांदी दाखवून चालत नाही, हे दिल्लीत कुणाच्या लक्षात आलं नसावं.

आमच्या सोसायटीत इतकी मोठी माणसं नसल्यामुळे तंटा लवकर मिटला. ए विंगला पांढरे, बी विंगला पिवळे. आता ए विंग ऑपरेशन थिएटरसारखी दिसते आणि बी विंगमधली माणसं जरा बरी दिसतात, असं बी विंगचं मत आहे.

दिवा कारखान्यात कितीही नीट बनवा, त्याची गाठ शेवटी वायरमनशी असते. बाहेरच्या दिव्यावर 'आयपी ६५' किंवा 'आयपी ६६' असा शिक्का असतो. पहिला आकडा धुळीसाठी: सहा म्हणजे आत कणही शिरणार नाही. दुसरा पाण्यासाठी: पाच म्हणजे नळीने फवारा मारला तरी चालेल, सहा म्हणजे जोरदार फवारा. यासाठी प्रयोगशाळेत दिव्याला टाल्कसारख्या बारीक भुकटीच्या कोठडीत कोंडतात, मग चारी बाजूंनी पाणी मारतात. अंगावर वजन आपटून बघतात. एका कडक परीक्षेत पाच किलोचं वजन चाळीस सेंटिमीटरवरून पडतं. एवढ्यातून पास होऊन दिवा आमच्या वायरमनच्या हाती येतो. तो दिवा उलटा-सुलटा करून बघतो आणि म्हणतो, "याला भोक कुठंय?"

वायर आत जायला रबरी बूच असलेली वाट असते. तिच्यात आमची जाडी वायर बसत नाही. मग तो ड्रिल काढतो. पाठीला भोक, त्यातून वायर, आत दोन पिळे, वर काळी टेप, भोकाला एमसीलचा गोळा आणि त्या गोळ्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा. आयपी ६५ची सगळी इज्जत त्या अंगठ्याखाली दबते. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दिव्याच्या काचेत आतून दोन बोटं पाणी साचलेलं दिसतं आणि त्यात एक पाकोळी तरंगत असते. "फॉल्टी पीस होता," वायरमन सांगतो. कोकणात आणि गोव्यात याला खारी हवा मिळते, तिथे स्क्रू आधी गंजतात आणि दिवा मागाहून, सावकाश.

आणि पाल. धुळीला आकडा आहे, पाण्याला आकडा आहे, ज्याच्यासाठी खरं तर आकडा हवा त्याच्यासाठी नाही. बाहेरचा दिवा म्हणजे पालीची खानावळ. किडे उजेडाला येतात, ती किड्यांना येते, थंडीत तर दिव्याच्या उबदार पाठीवर मुक्कामालाच असते. मग एके दिवशी तिला वायरमनचं भोक सापडतं. आमच्या जिन्यातल्या गोल दिव्याच्या आत, नेमकी मध्यभागी, चारी पाय पसरलेली सावली कित्येक आठवडे होती. खालून चढताना बॅटमॅनला बोलावणं आल्यासारखं वाटायचं.

याउपर विजेची बचत करायची म्हणून सेन्सर आले. हालचाल ओळखणारा सेन्सर खरं तर उष्णता ओळखतो. अंगाच्या उबेचा ठिपका सरकला की दिवा लागतो. पुण्यात हे ठीक चालतं, म्हणजे मांजरासाठी रात्रभर चालतं. नागपूरला माझ्या मावसभावाने अंगणात बसवलाय. मे महिन्यात संध्याकाळी सातला तिथली कंपाउंडची भिंत आणि माणूस सारखेच तापलेले असतात, त्यामुळे सेन्सरला दोघांतला फरक कळत नाही. भाऊ दारात उभा राहून दोन्ही हात हलवतो, उड्या मारतो, दिवा ढिम्म. समोरच्या वहिनींना वाटतं, योगासनं चाललीत. डिसेंबरात मात्र दिवा गल्लीच्या टोकाच्या कुत्र्यालाही सलाम ठोकतो.

दुसरा सेन्सर फोटोसेल. अंधार पडला की दिवा लावायचा, उजाडलं की विझवायचा, एवढंच काम. आमच्या मागच्या भिंतीवर वायरमनने तो दिव्याच्या अगदी समोर बसवला. सूर्य मावळला, फोटोसेलने दिवा लावला. समोर उजेड बघून त्याला वाटलं, सकाळ झाली. विझवला. अंधार! लावला. एका रात्रीत त्या भिंतीवर जेवढे दिवस उगवले-मावळले, तेवढ्यांत माणूस नातवंडांची लग्नं बघून मोकळा होतो. मागच्या चाळीतल्यांना आधी वाटलं कुणीतरी मदतीसाठी इशारे करतंय. एकजण काठी घेऊन आलाही.

घरांचं हे असं, तर धंदेवाल्यांबद्दल काय बोलावं? हमरस्त्यावरचं हॉटेल दोन किलोमीटरवरून दिसावं, हे समजू शकतो. पण जवळ गेल्यावर पार्किंगला वळायचा रस्ता दिसू नये एवढा उजेड कशाला? लॉन्सवाल्यांच्या कमानीवर धावणारे दिवे असतात, ते एका दिशेने धावता धावता मध्येच मागे फिरतात. नवरदेवाच्या मनातलं इतकं उघड कुणी मांडू नये. रुग्णालयांच्या पाट्यांचं वेगळंच. आमच्या भागातल्या एका पाटीत 'अतिदक्षता विभाग' यातलं 'अति' बरेच दिवस विझलेलं आहे, आणि नातेवाईक म्हणतात की पाटीच्या नव्या मजकुराशी आतला कारभार जुळतो. दुकानांची शटरं नऊला पडतात, बोर्ड पहाटेपर्यंत पेटलेला. एका दुकानदाराला विचारलं, रात्री दोनला कोण बघतं? म्हणाला, "बघत कुणी नाही. पण बंद दिसला तर लोक म्हणतील, शेठ बसला." झाडंही यातून सुटलेली नाहीत. जी-२०च्या निमित्ताने मुंबईत रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना माळा गुंडाळल्या, पाहुणे गेले, माळा राहिल्या. पुढे हायकोर्टात याचिका झाली, तेव्हा पालिकेने त्या उतरवायला घेतल्या. वडील असते तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

या सगळ्यात अक्कल कुणी दाखवली असेल तर विदर्भातल्या चार गावांनी. पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा इथले शंभराहून जास्त दिवे बदलून खाली तोंड केलेले दिवे लावले. उजेड जमिनीवर, आभाळ मोकळं. जानेवारी २०२४मध्ये पेंच भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं, आशियातलं पाचवं. यासाठी कोणतंही मोठं विज्ञान लागलं नाही, दिव्याला टोपी लागली. या टोपीची गरज मुक्या जिवांनाही आहे. वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यातून निघालेली कासवाची पिल्लं उजळ क्षितिज दिसेल तिकडे चालायला लागतात, कारण कासवांच्या हिशेबाने उजेड म्हणजे समुद्र. त्यांना किनाऱ्यावर लॉजिंग-बोर्डिंग असतं हे कुणी सांगितलेलं नाही. काजव्यांचंही तेच: बिचारे आपला दिवा दाखवून जोडीदार शोधतात आणि आपण काजवे बघायला हेडलाइट लावून जातो.

मी सभेत दिव्यांना टोप्या घालायचा विषय काढला. तळमजल्यावरच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. खजिनदारांनी शांतपणे विचारलं, "आपण पैसे अख्ख्या उजेडाचे दिले ना? मग अर्धा झाकायचा कशाला?" सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, टोपी घालायचीच असेल तर दिव्याच्या खालून घाला, म्हणजे उजेड वर येईल. विषय पुढच्या सभेवर गेला, आणि तिथून तो परत आलेला नाही.

मध्यंतरी मात्र वेगळंच घडलं. रस्त्यापलीकडे एका सराफाने चार मजली एलईडी पडदा उभा केला. त्यावर रात्रभर बांगड्या फिरतात. आमच्याकडे रात्री अकराला पेपर वाचता येतो आणि आत झोपलेल्या माणसाच्या कपाळावर अधूनमधून मंगळसूत्र सरकून जातं. चिडून पोलिसांत तक्रार द्यायची, पालिकेला पत्र लिहायचं, असं ठरत होतं, तेवढ्यात त्या महिन्याचं बिल आलं. समोरच्या सहा खांबांचं युनिट जवळजवळ शून्य. काकांनी यंत्र लावून छडा लावला. संध्याकाळी पडदा पेटला की त्या खांबांच्या फोटोसेलला वाटतं, अजून ऊन आहे. त्या बाजूचे दिवे लागतच नव्हते.

तातडीची सभा बोलावली गेली. सेक्रेटरींनी अहवालात 'सोसायटीने केलेली लक्षणीय ऊर्जाबचत' अशी नोंद घेतली, चेअरमनांचं अभिनंदन झालं. मग सराफाला पत्र लिहायचा मसुदा वाचला गेला: पडदा काढू नये, जमल्यास दहा-एक फूट डावीकडे सरकवावा, कारण मागच्या बाजूचे चार खांब अजून आमच्याच बिलावर आहेत. ठराव एकमताने मंजूर झाला. फक्त तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, पडदा सरकवताना बांगड्यांऐवजी पाटल्या लावता येतील का म्हणून त्यांना विचारायला काय हरकत आहे.